चहाला गेलेल्याचं दुकान

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, त्यात लाजायचं काय? वडील आठवडी बाजारात दोर, दावी, कासरे विकतात; सहीपलीकडं त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी अक्का. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण कॉलेजला रोज एसटीनं जावं लागत होतं, आणि पोरीला एकटीला कसं धाडायचं, म्हणून ती थांबली. तीन वर्षांनी त्याच एसटीनं मी गेलो.

आम्हा दोघांचा एक खेळ आहे. लहानपणी बाजारच्या दिवशी जवळा बाजार या गावी वडिलांच्या पालामागं, म्हणजे कापडी दुकानामागं, आम्ही दोघं बसून असायचो. समोर बाजार चाललेला आणि आमच्या हाती काही काम नाही. तेव्हा अक्कानं मातीत चार खोपे आखले, चिंचोके मांडले आणि म्हणाली, "हे माझं मिरचीचं दुकान, ते तुझं दोराचं. आता गिऱ्हाईक येऊ दे." पुढं मातीचं बारदान झालं. पोत्याचा चौकोनी तुकडा कापून त्यावर शाईनं चार पालं काढली. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर माल आणि गिऱ्हाइकं लिहिली. डोकं तिचं, अक्षर माझं.

खेळ सोपा आहे. चार जण चार पालांवर बसतात. गठ्ठ्यातून एकेक चिठ्ठी काढली की गिऱ्हाईक येतं, मालाचे अमुक चिंचोके देईन म्हणतं. कमी वाटलं तर परत लावायचं. मात्र भवानी व्हायच्या आधी, म्हणजे आपल्या दुकानाची दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आधी, कुठलंच गिऱ्हाईक परत लावता येत नाही. देईल त्या भावात द्यायचं. चहाची चिठ्ठी ज्याला येईल त्यानं एक फेरी खेळातून उठायचं, तेवढा वेळ त्याचं दुकान शेजाऱ्यानं बघायचं. दिवेलागणीची चिठ्ठी निघाली की बाजार उठला. ज्याच्याकडं चिंचोके जास्त, तो जिंकला.

अडचण एवढीच की चार माणसं लागतात. वडिलांना एकदा बसवलं होतं. दोन गिऱ्हाइकं झाली आणि ते उठले. "दिवसभर बाजारच करून आलो ना बाबांनो. आता घरी येऊन बी बाजारच करू व्हय?" माय तर भाकरी टाकता टाकता खेळायची, तिचं दुकान कायम चुलीपाशी. बाजार उठेपर्यंत पुरा डाव आम्ही फार थोड्या वेळा खेळलो असू. मग अक्काचं लग्न झालं. ती सेनगावकडं नांदायला गेली. बारदान माझ्याकडं राहिलं.

मी आता एका खाजगी शाळेवर शिकवतो. पगार विचारू नका. मागच्या पावसाळ्यात मोबाईलवर कळलं की पुण्यात टेबलावर बसून खेळायच्या खेळांचं एक संमेलन भरतं, आणि स्वतः खेळ तयार करणाऱ्यांना तिथं दोन तासांसाठी टेबल देतात. अनोळखी माणसं येऊन खेळून बघतात. मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "परकी मानसं? आपल्या बारदानावर?"

"व्हय. तू चल. दाजींना मी बोलतो."

"येडा हाईस का? दोघांचं भाडं, दोघांचे पास. आन् वरून सोयाबीन काढणीला आलंय. तू जा. तू शिकलेला हाईस, तिथं इंग्रजीत बोलत असतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फकस्त एक कर बापू. पुरा बाजार उठेपर्यंत खेळव त्यांना. मधीच उठून न्हाई गेले पायजेत."

एवढंच तिनं मागितलं.

संमेलनाचा पास एकाच दिवसाचा काढला. परभणीहून जनरल डब्यात दाराजवळ जागा मिळाली. साडीच्या खोक्यात भरलेलं बारदान मांडीवर ठेवून पुण्यापर्यंत गेलो. स्टेशनावरच तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. हॉल मोठा होता. टेबलांच्या रांगा, चकचकीत खोकी, बोटाएवढे रंगवलेले राक्षस, प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर. चिंचोके कुणाकडं दिसले नाहीत. दारात एका पोरीनं फॉर्म दिला. त्यात एक ओळ होती: खेळ तयार करणाऱ्याचं नाव. मी माझं नाव लिहिलं आणि पुढं बी.ए. लिहिलं. ओळ एकच होती हे खरं आहे. पण दोन असत्या तर दुसरीवर मी काय लिहिलं असतं, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिनं ते नाव जाड मार्करनं एका पुठ्ठ्यावर लिहून माझ्या टेबलावर उभं केलं. मला बरं वाटलं.

"आणि रूलबुक कुठंय, सर?"

"तोंडी आहे."

ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली.

पहिला तास कुणी बसलं नाही. लोक थांबायचे, बारदानाला हात लावायचे, "किती रस्टिक!" म्हणायचे आणि पुढं जायचे. एकानं तर खाली काही सांडलंय का बघायला पोतं उचललं. शेवटी तिघं बसली: एक दाढीवाला गडी, एक चष्म्याची मुलगी आणि नातवाला घेऊन आलेल्या पांढऱ्या केसांच्या एक काकू. नातू पलीकडं राक्षसांत रमला होता. चौथ्या, दोराच्या पालावर मी.

भवानीचा नियम त्यांना फार आवडला. काकूंना पहिलंच गिऱ्हाईक चिकट आलं, मडकं दोन चिंचोक्यांत गेलं. "अहो, पण नाही म्हणताच येत नाही!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

मग मुलीला चहाची चिठ्ठी आली. तिचं बांगड्यांचं दुकान शेजारी म्हणून दाढीवाल्याकडं गेलं. तिची भवानी आधीच झाली होती, पण आलेलं गिऱ्हाईक एकच चिंचोका देणारं निघालं. परत लावायचं सोडून दाढीवाल्यानं त्या भावात बांगड्या देऊन टाकल्या.

"अरे!" मुलगी ओरडली.

"चालतं ना?" त्यानं मला विचारलं. "ती माझी स्पर्धक आहे. मी तिचा माल चांगल्या भावात का विकीन?"

"आमच्याकडं असं कुणी करत नाही."

"करत नाही की करता येत नाही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यात कुणाच्या मनात आलाच नव्हता. बाजारात कुणी पाणी प्यायला उठलं की बाजूचा आपोआप दोन्ही दुकानं बघतो. त्याला नियम म्हणायचं हेच आम्हाला सुचलं नव्हतं. मुलीनं हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "मग हा खेळ तुटतोच ना," ती म्हणाली. दाढीवाल्यानं खुर्ची जराशी मागं सारली. बी.ए.चा काही उपयोग होईना. मी अक्काला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून चिंचोक्यांच्या डब्याला टेकवून उभा केला.

"काहून रे बापू? उठला का बाजार?"

"न्हाई. एक अडचण आलीय." मी सांगितलं.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कोन हाईत ते दादा? त्यांना म्हनावं, तुमी चहाला जातच न्हाईत का?"

दाढीवाला फोनवर वाकला. "जातो ना."

"मंग तवा तुमचं दुकान कोन बघल?"

काकू हसल्या, आणि मुलगीही.

"दादा, इकलं ते इकलं," अक्का म्हणाली, "तुमच्या मनावर हाय ते. पर तुमच्याशेजारी आता कोन बसल? बापू, त्यांचा माल उचल आन् कडंला ठिव. शेजारी न्हाई त्यांना. चहाची चिठ्ठी आली की दुकान बंद."

हा नियम तिनं त्याच क्षणी केला होता. मला माहीत होतं. मी दाढीवाल्याचा माल बारदानाच्या कोपऱ्यात सरकवला. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

मुलगी खेळात परत आली, तिला आधी चिडवून घेऊन मग पुढं खेळलो. तिसऱ्या फेरीत दाढीवाल्यालाच चहाची चिठ्ठी आली. त्याच फेरीत सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आलं, लग्नघरचं. दोर पाहिजे, मिरची पाहिजे, बारा चिंचोके देतो. त्याच्या बंद मिरचीच्या दुकानासमोरून ते निघून गेलं. त्यानं डोकं धरलं आणि फोनला म्हणाला, "अक्का, चुकलो! परत शेजारी घ्या!"

"पुढल्या बाजारी बघू."

काकूंनी मधेच विचारलं, "अगं, पण शेजारी एवढं राबतो, तर विकल्याचा एखादा चिंचोका त्याला द्यावा की."

"न्हाई वो काकू. शेजारी नुसतं इकतो. माल ज्याचा त्याचाच."

टेबलावर पुठ्ठा उभा होता. त्यावर माझं नाव, पुढं बी.ए. अक्काला तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

तेवढ्यात तिकडून तिच्या सासूनं हाक मारली. "आले आत्याबाई!" ती ओरडली. मग आम्हाला म्हणाली, "मळणीयंत्र आलं आमच्या वावरात. ठिवते. बापू, माझं दुकान बघ." आणि फोन बंद झाला.

"तुमची बहीण? खेळ त्यांचा आहे का?" मुलीनं पुठ्ठ्याकडं बघत विचारलं.

"तिचाच," मी म्हणालो. दारातल्या पोरीकडून मार्कर मागून आणला. माझ्या नावाच्या वर जागा कमी होती, तरी तिचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात बसवलं. मग खाली माझ्यापुढचं बी.ए. खोडलं आणि लिहिलं: अक्षर. पुठ्ठा जरा घाण दिसायला लागला.

चिठ्ठ्या निम्म्या उरल्या होत्या. आम्ही पुढं खेळलो. दिवेलागणीची चिठ्ठी काकूंच्या हाती निघाली आणि त्याच जिंकल्या, अडतीस चिंचोके. दाढीवाला आणखी एक डाव मागत होता, पण माझ्या टेबलाची वेळ संपली होती. जाताना मुलीनं विचारलं, "पुढच्या वर्षी त्या येतील ना?" मी "बघू" म्हणालो. काय सांगणार? तिच्याकडं पुढच्या वर्षीही सोयाबीन याच दिवसांत निघणार.

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर माझ्या दशम्या खात होतो, तेव्हा तिचा फोन आला. थकलेला आवाज.

"उठला का बाजार?"

"उठला. मधी कुणी गेलं न्हाई."

तिनं श्वास सोडला. मी नावाचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिथंच सोडून दिलं. तिला ते नको होतं. तिला दुसरंच पाहिजे होतं. टेबल केवढं होतं? लाकडाचं का? माझ्या पालावर कोन बसलं होतं? काकूंची साडी कसली? दाढीवाला रागावला का हसला, रे, नीट सांग. खिडकी होती का? बसल्यावर काय दिसत होतं बाहेर? मी जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. जे आठवलं नाही ते तिनं दुसऱ्यांदा विचारलं.

"आन् चहा?" तिनं विचारलं. "चहा कुठं पीत होते तिथले लोकं?"

"खाली. जिना उतरून. झाडाखाली टपरी हाय."

"कितक्या पायऱ्या?"

मला माहीत नव्हतं. गाडीचा आवाज यायला लागला होता. बावीस असतील, असं मी म्हणालो, आणि ती पलीकडं गप्प राहिली, जणू मनात एकेक पायरी उतरत असावी.