प्रेमदासची मोटर तापते

"भाऊजी, हात काढा! भाजते!"

"मले नोको शिकवू, चंदन. एकोणीस वर्षं झाले, मीच हात लावून राह्यलो हिले."

"म्हणूनच तं हे हाल झाले तिचे!"

"काऊन? म्या काय केलं?"

"तेच तं शोधून राह्यलो ना दोन घंट्यापासून, का तुम्ही काय काय केलं!"

धरणाच्या काठावर मच्छीमार संस्थेची पत्र्याची शेड. शेडमध्ये निळा प्लास्टिकचा ड्रम, पाण्यानं काठोकाठ भरलेला. ड्रमवर आडवी फळी बांधून होडीची जुनी मोटर अडकवलेली, डोकं वर, पाय पाण्यात. एका बाजूला प्रेमदास कोंबे, वय अठ्ठावन्न, संस्थेची होडी चालवणारा. दुसऱ्या बाजूला त्याचा साळा चंदन. केळझरला विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो, होडीची मोटर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उघडली होती. बहिणीच्या नवऱ्याला मान देऊन बोलायचं, एवढं त्याला कळत होतं. पण तो मान सकाळी नऊला होता. आता अकरा वाजले होते.

मोटर सुरू व्हायची. पहिली पाच मिनिटं अगदी शहाण्या बाईसारखी चालायची. आठव्या मिनिटाला आवाज जड व्हायचा, दहाव्या मिनिटाला डोक्यावरचं झाकण तव्यासारखं तापायचं आणि मग एक आचका देऊन सगळं बंद. दोन महिने हेच. मागच्या आठवड्यात तर पाण्याच्या मधोमध बंद पडली. होडीत पलीकडच्या गावचे मास्तर होते, ते तासभर छत्री उघडून बसून राहिले आणि काठावर उतरल्यावर एक शब्द बोलले नाहीत. प्रेमदासला ते शिव्यांपेक्षा लागलं.

उद्या अनंत चतुर्दशी. गावातले नऊ गणपती होडीतून पाण्याच्या मध्यावर न्यायचे. संस्थेचा अध्यक्ष भूपेंद्र सकाळीच सांगून गेला होता, "काका, पाच वाजेपर्यंत मोटर सलग अर्धा घंटा चालली तं तुमची होडी. नाई तं मी नवीन मोटर आणतो, तिचा चालवणारा तिच्यासंगच येते. मंग तोच राहीन."

आणि वल्हं मारणं प्रेमदासच्या हातात राहिलं नव्हतं. उजवा हात वर्षभरापासून खांद्याच्या वर जात नव्हता. भांगसुद्धा तो डाव्या हातानं पाडायचा. मोटर होती म्हणून तो पाण्यावर होता.

"हे गोणपाट कशाले गुंडाळलं होतं डोक्याले?" चंदननं ओलं पोतं पायानं सरकवलं.

"थंडं राह्याले."

"अवो, हवा तिथूनच घेते ते! तोंडावर उशी दाबून मारता का तिले?"

"मंग तापू देऊ?"

"आणि हे तेल? पेट्रोलमंदी एवढं तेल कोणं सांगतलं?"

"जास्त तेल म्हणजे जास्त चिकनाई. तुह्या बहिणीले विचार, भजे कोरड्या कढईत तळते का?"

चंदननं कपाळावर हात मारला, आणि कपाळ काळं झालं. विहिरीवरचा पंप असता तर त्यानं आतापर्यंत दोनदा उघडून बांधला असता. ही मोटर त्याला परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटत होती, काय खाते, काय पिते, कोणाला माहीत नाही. तो ड्रमजवळ उकिडवा बसला.

"भाऊजी, एक सांगा. ही थंड कायनं होते?"

"पाण्यानं. मागून धार निघते ना बारीक, करंगळीएवढी. धार निघाली का समजाचं, पाणी फिरून राह्यलं."

"आता निघते?"

"निघते... म्हणजे थेंब थेंब."

"कधीपासून?"

"दोन साल झाले कमी होऊन. या पोळ्यापासून तं लयच कमी."

"आणि पाणी आत कुठून जाते?"

प्रेमदासनं पाण्याकडं पाहिलं. मग मोटरीकडं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"पाण्यातूनच जाते," तो म्हणाला.

"तोंड कुठं हाये तिचं, म्हणतो मी!"

दोघांनी मिळून मोटर वर उचलली. पाय बाहेर आला तो लालभडक, नव्या नवरीच्या पायासारखा.

"हा रंग?"

"पोळ्याचा."

धरणात वावर गेलं तेव्हा प्रेमदास चौदा वर्षांचा होता. वावराबरोबर बैलही गेले. त्यानंतर दर पोळ्याला गावातले लोक शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल तोरणाखाली उभे करायचे आणि कोंबेंच्या घरातली माणसं दारात उभी राहून बघायची. मोटर आली त्या वर्षी प्रेमदासनं तिचा पाय ऑइल पेंटनं रंगवला, बेगड चिकटवली आणि होडीसकट वाजतगाजत काठावर उभी केली. "आमचं जनावर हेच," म्हणाला. लोक पोट धरून हसले. शोभाबाईनं, त्याच्या बायकोनं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला तेव्हा तर जास्तच हसले. पण दोन-तीन वर्षांत बैलवाल्यांच्या बायका आपल्या बैलांना ओवाळून झाल्यावर ताट घेऊन काठावर येऊ लागल्या. तेव्हापासून एकही पोळा चुकला नाही.

चंदननं पेचकस आडवा धरून रंग खरवडला. लालखाली लाल. त्याखाली हिरवा. त्याखाली पुन्हा लाल, मग पिवळा. पापुद्रे निघतच होते. शेवटी धातू लागला आणि धातूत बारीक बारीक फटींची जाळी.

"हे घ्या. हे तोंड होतं तिचं."

प्रेमदासनं जाळीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही दर साली थोडं थोडं बुजवलं, भाऊजी."

"म्या बुजवलं?" त्याचा आवाज चढला. "मले कोणी सांगतलं होतं का? पुस्तक दिलं तं इंग्रजीतलं! विचारलं तं म्हणे, दोरी ओढा का सुरू होते!"

शोभाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. "मी म्हणत होती तुम्हाले. पायाले नोको, झाकणाले लावा रंग."

"तू कधी म्हणली?"

"दर साली म्हणली."

"झाकणाले? बैलाच्या टकुऱ्याले रंग लावते का कोणी?"

"शिंगं कुठं असते मंग?" चंदन म्हणाला आणि स्वतःच हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

जाळी तारेनं साफ केली. मोटर ड्रममध्ये सोडली, दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू. आणि मागून धार आली, खरीखुरी, शोभाबाईच्या लुगड्यावर उडणारी धार. प्रेमदासनं तिच्याखाली तळहात धरला. पाच मिनिटं. आठ. दहा. तिघंही घड्याळ बघत होते. अकराव्या मिनिटाला धार बारीक झाली, मग गरम वाफ सुटली, मग आचका.

"आता काय झालं हिले!" प्रेमदासनं फळीला लाथ मारली. ड्रममधलं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

चंदननं पाय खोलला. आत पाणी ओढणारा रबरी पंखा होता. त्याची पाती तळलेल्या कुरडईसारखी वाकडी, कडक झालेली. दोन तुटलेली. पाणी मिळालं नाही म्हणून कोरडं फिरून फिरून जळालेली.

"बदल."

"कुठून बदलू? विहिरीच्या पंपाचा बसत नाई याच्यात. नागपूरले भेटन. आज जाऊन आणला तरी पाच वाजून जाईन. आणि भाऊजी, एवढे दिवस तापली, आतमंदी अजून काय काय जळालं, डोकं उघडल्याबिगर समजत नाई."

तरी त्यानं प्रयत्न सोडला नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून पात्यांना बांधले. ते चार मिनिटं टिकले. चामडं लावलं, ते फुगून अडकलं. दुपारचं जेवण तसंच झाकलेलं राहिलं. साडेचारला प्रेमदास म्हणाला, "अजून एकदा," आणि चंदननं नकाराची मान हलवली.

भूपेंद्र पाचच्या आधीच आला. मोटरसायकल बंद केली, ड्रमकडं पाहिलं, जमिनीवरच्या रंगाच्या पापुद्र्यांकडं पाहिलं.

"अध्यक्षसाहेब, बिमारी सापडली," चंदन घाईनं म्हणाला. "दोन दिवस द्या, एकदम नवी करून देतो."

"गणपती थांबतीन का दोन दिवस?" भूपेंद्र चिडला नव्हता, म्हणून जास्त कठीण होतं. "उद्या होडीत माणसं, पोट्टे, सगळे चढतीन. मधात बंद पडली तं जबाबदारी कोणाची? मी फोन केला, काका. ते लोक सकाळी सातले येऊन राह्यले."

"आणि मी?" प्रेमदासनं विचारलं.

"तुम्हाले कोण काढते? काठावर राहा ना. लाइफ जॅकेटं वाटा, लोकांले रांगेत बसवा." तो थोडा थांबला. "फक्त एक काम करा. नव्या माणसाले पाणी माहीत नाई. ते पाण्याखालचं चिंचेचं खोड, जुन्या शाळेची भिंत, कुठं वळाचं, कुठं नाई, हे तुमच्याशिवाय कोणाले ठाऊक हाये? सकाळी एक फेरी मारून त्याले सगळं दाखवून द्या. दाखवसान ना, काका?"

शोभाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चंदन पेचकस पुसत होता, तो थांबला.

"काका?"

"मले कोणी दाखवलं होतं का?" प्रेमदासनं हातातला फडका मोटरीच्या डोक्यावर टाकला, ओल्या पायात चपला सरकवल्या आणि भूपेंद्रच्या बाजूनं शेडच्या बाहेर निघून गेला.