जुळ्यांची केबिन: खिडकीची घ्यावी की चार बर्थची?

जुळी बाळं घेऊन जहाजाने जायचं तर केबिन कोणती घ्यावी, असं परवा एका वाचक बाईंनी विचारलं. उत्तर एका ओळीत देता येईल, पण मला एका ओळीत काही सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही वरकुट्याला राहायचो. आमचे हे भवानीनगरच्या साखर कारखान्यात नकाशे काढायचे. प्रीती आणि प्रवीण आठ महिन्यांचे होते आणि कधीच एका वेळी झोपत नसत. लग्नात कबूल केलेला समुद्र मी अजून पाहिलेला नव्हता. कोचीहून लक्षद्वीपला जहाज जातं असं ह्यांना कुणीतरी सांगितलं आणि मी हट्टालाच पेटले. मला खिडकीत बसून समुद्र बघायचा होता, तोही आम्हा चौघांनाच, सासूबाईंशिवाय. हे शेवटचं आज लिहिते आहे, तेव्हा तोंडातून काढायची सोय नव्हती.

बारामतीच्या एजंटाने दोन केबिनींचा नकाशा झेरॉक्स करून दिला. वरच्या मजल्यावरची दोन बर्थची, गोल खिडकीवाली. खालच्या मजल्यावरची चार बर्थची, बिनखिडकीची, भाडं जवळजवळ निम्मं. तान्ह्या बाळांना तिकीट नाही, म्हणून त्यांना बर्थही नाही. म्हणजे चार बर्थच्या केबिनीत दोन परकी माणसं येणार. मी म्हटलं, खिडकी. हे म्हणाले, विचार करू. ह्यांचं विचार करू म्हणजे आईला विचारू.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि निकाल दिला, "लेकरं पाण्यावर न्हाय न्यायची. हितं ठिवा आन् तुमी जावा." अंगावर पिणारी पोरं ठेवून मी कुठली जाते? दोन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजली.

मग ह्यांनी तोडगा काढला. नव्या घराचा पाया आखतात तशी रविवारी अंगणात फक्की टाकून दोन्ही केबिनी आखल्या, नकाशाबरहुकूम, टेप लावून. खालच्या बर्थला सतरंजी, वरच्या बर्थला टेबल. म्हणाले, राहून बघू, मग ठरवू. निम्मं गाव बघायला जमलं.

आधी माझी खिडकीवाली. सतरंजीवर मी दोन्ही बाळं घेतली तर माझा अर्धा देह रेघेच्या बाहेर. "वैनी समुद्रात पडल्या," कुणीतरी कळवलं. वरच्या बर्थवर, म्हणजे टेबलावर, हे पाय पोटाशी घेऊन पडले होते. लंगोटांची दोरी बांधली ती बरोबर ह्यांच्या नाकावर आली. त्यात शेजारचे आबा काठी टेकत आले आणि दार दक्षिणेला आहे म्हणून हटून बसले. ह्यांनी समजावलं की जहाज वळलं की दारही वळतं.

"मग वळल्यावर आत जावा," आबा म्हणाले.

मग चार बर्थची केबिन. ऐसपैस होती, पण उरलेल्या दोन बर्थवर कोण? गावातली पोरंटोरं भिंतींवरून उड्या मारत आत-बाहेर करत होती. तेवढ्यात आत्याबाई घरातून आपली उशी घेऊन आल्या. रेघ ओलांडली नाही. वळसा घालून दारापाशी आल्या, चपला बाहेर काढल्या आणि दारातून आत शिरल्या. दोन्ही बाळांना दोन कुशींत घेऊन पडल्या. प्रीती झोपली. प्रवीणही झोपला. एकाच वेळी.

"लेकरांपायी येती मी," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "मला काय हौस न्हाय."

माझी खिडकी गेली. मी चुलीपाशी जाऊन चक्क रडले.

प्रवासाचं म्हणाल तर, भिगवणला जीपने आलो, हायवेच्या कडेला तळलेली चिलापी मासळी खाल्ली, पुण्याला जाणारी गाडी धरली. पुण्यात केरळच्या गाडीत बसलो आणि ती गाडी आम्हाला घेऊन परत भिगवणवरूनच गेली, न थांबता. आत्याबाईंनी ह्यांच्याकडे फक्त एकदा बघितलं.

जहाजावर चौथ्या बर्थवर बेटावरच्या एक शिक्षिका आल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, पण प्रवीणला त्यांनी लगेच मांडीवर घेतलं. आम्ही केलं तसं तुम्हीही बर्थच्या कडेला जुनं लुगडं ताणून बांधा, बाळ गडगडत नाही. नाचणीचं सत्त्व घरून न्या. खालची केबिन हलतेही कमी. पण ह्यांनी सगळं मोजलं होतं, पोटाचा अंदाज तेवढा घेतला नव्हता. बंदर सुटताच जे आडवे झाले ते बादली जवळ घेऊनच.

मीही जरा टेकले. आत्याबाईंनी दोन्ही पोरं उचलली, "तू पड," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. दार लागलं की त्या केबिनीत भर दुपारी मिट्ट काळोख. भूक लागली की पोरं माझ्यापाशी यायची, पिऊन झालं की आत्याबाईंबरोबर पुन्हा वर डेकवर जायची. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी हलवून उठवलं नाही. मी जाताना झोपले, बेटावर नारळाखाली झोपले, येताना झोपले. असं सुख मला परत कधी मिळालं नाही.

तेव्हा बाई, उत्तर हे: बिनखिडकीची घ्या आणि सासूबाईंना न्या.

घरी परतल्यावर गल्लीतल्या बायका निवडणं घेऊन आमच्याकडे बसू लागल्या. आत्याबाई समुद्र सांगायच्या. पाण्यातून थवेच्या थवे वर उडणारे मासे, एका रात्रीत निळ्याचं हिरवं झालेलं पाणी, पहिल्यांदा लाट बघून प्रीती कशी खदखदून हसली ते. मी प्रवीणला थोपटत उंबऱ्यात बसले होते आणि बाकीच्यांसारखीच तोंड उघडं टाकून ऐकत होते. प्रीती हसली ते कधी, मी विचारलं.

"तू झोपली व्हतीस," त्या म्हणाल्या. "मी दारापातूर आलती बोलवाया. तुजं तोंड बघितलं आन् मागं फिरले."

मग बायकांकडे वळून त्यांनी पुढचं सांगायला घेतलं.