हात न लावण्याचा नियम

धनसिंग राठोडने नऊ वर्षं पोरीच्या मागे सायकल चालवली. दारव्ह्याजवळच्या तांड्यातून एकटी पोरगी पहाटे डांबरी रस्त्याने पळणार कशी, म्हणून संगीता पुढे आणि हा मागे, गळ्यात शिट्टी अडकवून. ट्रक आला की शिट्टी फुंकायची, एवढंच त्याचं काम. तांड्यातले हसायचे. "गायी राखून दमला, आता पोरगी राखून राह्यला." धनसिंग म्हणे, "तुह्या गायीचा कधी पह्यला नंबर आला का बे?"

या जानेवारीतली, बाभुळगाव रस्त्याने यवतमाळात येणारी एकवीस किलोमीटरची शर्यत तिची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. तांड्याचे नायक लालसिंग यांनी तिच्या होणाऱ्या सासरच्यांना पंचांसमोर सांगून ठेवलं होतं: निवड झाली तर लग्न दोन वर्षं थांबेल, नाही तर होळी झाली की उरकायचं. नायकाचा शब्द तांड्यात मोडत नाहीत. आणि लग्नानंतर पळणं संपलं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

वीस दिवसांपासून तिची डावी नडगी दुखत होती. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी एक्सरे काढायला सांगितला. धनसिंगने काढला नाही. त्यात काही निघालं तर डॉक्टर पळू देणार नाहीत, ही धास्ती. त्याने लालीबाईला बोलावलं. तांड्यातल्या बाळंतिणींची अंगं तीच चोळते, मुरगळलेले पाय तीच बसवते. "नस सरकली," ती म्हणाली, आणि चार दिवस मोहाचं तेल लावून अंगठ्याने दाबून दाबून नडगी चोळली. संगीता ओढणी दातांत धरून बसायची. पाचव्या दिवशी ठणका कमी वाटला, तेव्हा धनसिंगने लालीबाईला साडी नेसवली.

चौदा किलोमीटरपर्यंत संगीता दुसरी होती. धनसिंग कडेकडेने सायकलवर. दारव्ह्याचा मोटारसायकल मिस्त्री इम्तियाज आपल्या गाडीवरून धावणाऱ्यांना पाणी देत होता. जाता जाता म्हणाला, "भाऊ, पोरगी नाही थकली, तुमची सायकलच बोंबलून राह्यली."

सोळाव्या किलोमीटरला तिचा डावा पाय बाहेर पडू लागला. सतराव्याला ती तिसरी झाली. इम्तियाज गाडी वळवून आला. आता त्याला मस्करी सुचत नव्हती.

"पाय पाह्यला का तिचा? बसवा माह्या गाडीवर."

"हात लावला की बाद होते ते."

अठरावा संपला आणि संगीता पडली. धनसिंगने सायकल तिथेच टाकली. तिने तळहात आडवा केला.

"बापू, हात नको लावू. मी तिसरी आहो अजून."

त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. पोरगी आधी गुडघ्यावर आली, मग उभी राहिली. मागून निळ्या बनियनवाली मुलगी येताना दिसत होती. संगीता पाय ओढत चार पावलं गेली. पाचव्याला, कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज धनसिंगला ऐकू आला. ती कोसळायच्या आत त्याने तिला धरलं.

निळ्या बनियनवाली शेजारून निघून गेली.

"कायले हात लावला, बापू?"

पाय मोडला होता हे तिला कळत नव्हतं असं नाही. धनसिंगने तिला उचलून इम्तियाजच्या गाडीवर बसवलं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्सरे पाहिला, मग नडगीवरचे अंगठ्याचे काळेनिळे डाग. "हाडाला जुनी चीर होती. महिनाभर पायाला आराम दिला असता तर भरून आली असती. दुखत कधीपासून होतं?"

धनसिंगने तोंड उघडलं.

"आजच," संगीता म्हणाली. तोंड मात्र तिने भिंतीकडेच ठेवलं.

तो व्हरांड्यात आला. पोरीने खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. खिशातला फोन वाजत होता. नायक लालसिंग.

"बोल धनसिंग, कितवी आली?"