चौदा नंबरची शहनाई

"मावशी, डबा मेला. वयानं मेला. आता दुसरा पाहून राहिलो ना मी. तू काहून बोंबलतं?"

"मी बोंबलून नाई राहिली, मी इचारून राहिली. दसऱ्याले किती दिवस राहिले?"

"एकोणीस."

"अन् डबा नाई."

"पाहून राहिलो म्हणलं ना."

"पाहत राहजो. तुह्या त्या मोबाइलच्या बाज्यावर मी नाई गात. त्याच्यात मले माही जागाच नाई सापडत."

राकेश लोणारेनं अंजनाबाईचा फोन बंद करून खिशात टाकला. तो वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. नोकरी एकतीस वर्षांची, चार वर्षं बाकी. डबा वयानं मेला, असं तो वस्तीत सगळ्यांले सांगे. खरं असं होतं की डब्याले लागत नऊ व्होल्ट. डब्याचा अडॅप्टर सापडला नाही, म्हणून राकेशनं घरच्या पाण्याच्या फिल्टरचा काढून लावला. पिन बरोबर बसली. फिल्टरचा अडॅप्टर असतो चोवीस व्होल्टचा. डब्यानं एकदा लाल डोळा उघडला, जळक्या वांग्यासारखा वास सोडला अन् गेला. कारखान्यातल्या क्रेनपासून साहेबाच्या पंख्यापर्यंत राकेशनं आजवर एक वस्तू जाळली नव्हती. त्याच्या हिशेबानं ही गोष्ट फक्त त्याच्या पोरीले, पायलले माहीत होती, कारण फिल्टर बंद काहून आहे म्हणून पाहायला तीच आली होती.

आता डबा म्हणजे काय ते सांगणं भाग आहे. सत्याण्णव साली राकेशची गायन पार्टी होती. गायला अंजनाबाई, वाजवायला राकेश अन् त्याचा कीबोर्ड. ढोलकीवाला वेळेवर येत नसे अन् शहनाईवाला नव्हताच, म्हणून राकेशनं त्रेचाळीस गाण्यांची वाजवणूक फ्लॉपीत भरून ठेवली. पण फ्लॉपीत आवाज नसतो. फ्लॉपीत असतात हुकूम. जसं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं असते की पहिले हा उठन, मग तो उठन, अमक्यानं मोठ्यानं बोलायचं, तमक्यानं हळू. पत्रिकेले गळा नसतो. गळा होता डब्यात. एका वहीएवढा तो जपानी डबा कीबोर्डाले तारेनं जोडला की हुकूम वाचून ढोलकी, बासरी, शहनाई सगळं तोच बोले. हेच हुकूम मोबाइलले दिले त मोबाइल त्याच्या गळ्यानं गाते, अन् मोबाइलचा गळा म्हणजे नळाले हवा आल्यावानी.

अंजनाबाईचं वय एकाहत्तर. पंडरीच्या कपडा बाजारात एका जिन्याखाली ती फॉल-पिकोची मशीन घेऊन बसते. उजवा कान पुरा बंद, डावा त्याच्या मर्जीनं चालते. 'वस्ती निघाली' हे तिचं गाणं. त्यात शहनाईचे चार ठोके येतात अन् पाचव्यावर बाई उचलते. गेल्या जयंतीले मोबाइलवर वाजवलं. शहनाई तिले ऐकूच आली नाही, ती भलतीकडंच घुसली. सामोरचे पोट्टे हासले. बाईनं माईक राकेशच्या हाती दिला अन् आलूभाताच्या गंजाजवळ जाऊन वाढायला लागली. चांगले दोन तास वाढलं.

आता अशोक विजयादशमीले विहाराच्या समितीनं पंधरा मिनिटं दिली होती. अध्यक्षानं सांगून ठेवलं, रविवारपर्यंत नाव पक्कं करा, नाही त डीजेवाल्याचा पेन ड्राइव्ह तयार आहे. अन् बाईनं राकेशले सांगून ठेवलं होतं, "या बारीनं चुकली त मी माईक धरनच नाई. आयुष्यात नाई. मग तुह्या फ्लॉप्या तू भज्याच्या प्लेटीवानी वाट."

पायलनं कॉम्प्युटरवर शोधाशोध केली. तिले मराठी सगळं समजे, जवाब मात्र हिंदीतून.

"पापा, जपान में एक मिल रहा है. पर आते-आते दिवाली निकल जाएगी."

"रायपुरात?"

"तेलीबांधा में एक स्टूडियो वाला है, शेखर. उसके पास आपके डिब्बे से बड़ा है. बाद वाला मॉडल. आवाज़ डबल."

"डबल म्हणजे?"

"डबल मतलब डबल, पापा."

शेखरचा स्टुडिओ तलावाकडं तोंड करून. आत एसी इतका की राकेशले वाटलं आपण शवागारात आलो. शेखर तिशीचा, बोलायला गोड. बड्या डब्याच्या तोंडावर हिरवी पट्टी लुकलुके. शेखर म्हणे, "दादा, हा राजा आहे. याच्या सामोर तुमचा जुना म्हणजे मिट्टी का खिलौना."

राकेशनं कीबोर्ड जोडला, फ्लॉपी टाकली. ढोलकी सुरू झाली, अन् काय ढोलकी! थाप पडली की छातीत पडे. बासरी आली, जणू कोणी बाजूलेच बसून फुंकते. राकेशचे हात मांड्यांवर ठेका धरून राहिले. मग शहनाईची जागा आली, अन् शहनाई आलीच नाही. चार ठोक्यांएवढी शांतता गेली अन् गाणं सामोर निघून गेलं.

"केबल?" शेखर म्हणे.

"केबल नाई," राकेश म्हणे. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या इलेक्ट्रिशियनले केबल विचारली म्हणून तो जरा दुखावला, अन् मग फिल्टरचा अडॅप्टर आठवून त्यानं केबल एकदा पाहूनच घेतली.

चूक पायलले घरी सापडली. तिनं बाहेरून जोडायच्या ड्राइव्हनं फ्लॉपी लॅपटॉपवर उघडली अन् हुकुमांची यादी वाचत बसली. "पापा, शहनाई के आगे ये चौदह क्या लिखा है?"

राकेश चहा फुकत बसला होता. "कप्पा आहे तो. शहनाई कोणत्या कप्प्यातली घ्यायची, त्याचा नंबर. तिथं आकडा भरा लागे. पुस्तक इंग्रजीत होतं. मी चौदा भरला."

"क्यों?"

"काहून म्हणजे? चौदा एप्रिल."

पायल त्याच्याकडं पाहत राहिली. तिच्या बापाच्या स्कूटरच्या नंबरात चौदा, मोबाइलच्या नंबरात चौदा, घरात भिंतीवर खिळे चौदा. जयंतीचा आकडा जिथं बसते तिथं बसवायचा, हा त्याचा धरम. "और बाकी गानों में?"

"त्रेचाळीसही गाण्यांत. जिथं जिथं शहनाई, तिथं चौदा."

"पापा, चौदह नंबर का कोई ख़ाना होता ही नहीं."

पायलनं दोन्ही डब्यांच्या पुस्तिका नेटवरून उतरवून वाचल्या अन् बापाले समजावलं. जुना डबा भोळा. त्याले नसलेल्या कप्प्याचा हुकूम दिला, की तो तक्रार करत नसे, आपली रोजचीच साधी शहनाई काढून वाजवे. अठ्ठावीस वर्षं त्यानं राकेशची चूक झाकली, अन् राकेशले वाटे चौदानंच शहनाईले तेज आलं. बडा डबा हुशार. कप्पा नाही म्हणजे नाही, तो तोंडच उघडत नसे.

"चौदह हटा के ज़ीरो कर देती हूँ. दस मिनट का काम है."

"चौदा नाई पुसायचा."

"पापा, कॉपी में करूँगी. आपका ओरिजिनल वैसे का वैसा."

राकेशनं कप खाली ठेवला. विचार केला. "कॉपीत कर," तो म्हणे. "पण मले दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी तो अंजनाबाईले ऑटोत बसवून तेलीबांध्याले घेऊन गेला. बाई मशीनीवरून उठून तशीच आली, पदराले टाचण्या, गळ्यात टेप. शेखरनं खुर्ची दिली. एसीत बाईनं पदर कानाभोवती घेतला.

गाणं सुरू झालं. ढोलकी, बासरी, अन् या वेळी शहनाई आली. अस्सल, दमदार शहनाई. चार ठोके वाजले. पाचवा आला अन् गेला. बाई बसलेलीच. कडवं गेलं. दुसरं कडवं गेलं. गाणं संपलं.

"सुरू कवा होते?" बाई म्हणे.

शेखरनं राकेशकडं पाहिलं. राकेशनं आवाज वाढवून पुन्हा लावलं अन् पाचव्याआधी बाईच्या खांद्याले हात लावला. बाईनं हात झटकला. "स्टेजवर का माह्या खांद्यावर बसून येशीन?"

"आंटी, शहनाई साफ़ सुनाई नहीं दी?" शेखरनं विचारलं.

"ऐकू आली ना बावा. पण ते शहनाई व्हय, हे मले कसं समजन? हे त सोज्वळ बाई घरात आल्यावानी येते, चप्पल काढून. माही शहनाई बकरीवानी ओरडे. धाड भरो त्या बकरीले, तिच्याच शेपटीले धरून मी उठे." ती उठली. "चाल राकेश. तीन साड्या संध्याकाळी द्यायच्या आहेत."

ऑटोत ती पदराच्या टाचण्या काढत बसली. पंडरीले उतरताना म्हणे, "अध्यक्षाले सांगून दे. डीजेच लाव म्हणा."

"रविवारपर्यंत थांब."

"आज शुक्रवार आहे," बाई म्हणे अन् जिन्याखाली गेली.

त्या रात्री राकेशनं डोकं खाजवून आठवलं, की तसा भोळा डबा रायपुरात अजून एक होता. तात्यापाऱ्यात विनायकराव देव राहतात. भोसल्यांच्या काळापासून त्यांचं घर तिथंच. त्यांच्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रात हुबेहूब तोच डबा होता. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच महिन्यात घेतला होता. विनायकराव त्याले तेव्हापासून 'लोणारे'च म्हणतात, पण तेव्हा चहा बाहेर ओसरीवर पाजत. आता चहा आत मिळतो. तेवढा काळ गेला.

शनिवारी सकाळी राकेश गेला. डबा सामोरच होता. टीव्हीखाली. डब्यावर सेट-टॉप बॉक्स.

"तो? तो कशाला हवाय तुम्हाला, लोणारे?" विनायकराव शहात्तरचे, आरामखुर्चीत. "त्याचा फार उपयोग होतो मला. त्याशिवाय रिमोट लागत नाही. बॉक्स खाली ठेवला की टेबलाची कड आड येते, वर ठेवला की टीव्हीचा डोळा झाकतो. वीस वर्षांत तेवढ्या उंचीची दुसरी वस्तू मिळाली नाही."

"त्या उंचीचं स्टँड करून देतो, काका."

"पुस्तकं लावून पाहिली. वह्या लावल्या. इंदूनं पोळपाट लावला होता. नाही जमलं." ते डब्याकडं पाहत राहिले. "तुमचा होता ना असाच? तो कशानं गेला?"

राकेशच्या जिभेवर 'वयानं' आलंच होतं. पण डब्याशेजारी खिळ्याले त्याचा असली अडॅप्टर लटकून होता, दोऱ्यानं बांधलेला, वर विनायकरावांच्या अक्षरात चिठ्ठी: 'फक्त नऊ व्होल्ट.'

"मीच जाळला, काका," राकेश म्हणे. "पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर लावला."

"तो चोवीसचा असतो."

"हाव."

"आणि तुम्ही इलेक्ट्रिशियन."

"हाव."

विनायकरावांनी चिठ्ठीकडं पाहिलं. राकेशले वाटलं, गेला डबा. मग ते म्हणे, "मी आमचा पहिला अडॅप्टर उलटा लावून जाळला होता. दुकानदाराला सांगितलं, खराबच निघाला. त्यानं बदलून दिला. म्हणून ही चिठ्ठी." त्यांनी आत बायकोले, इंदूले आवाज दिला. "अगं, पट्टी आण. लोणारे मोजून घेतील."

डबा पंचेचाळीस मिलिमीटर उंच भरला. राकेश घरी गेला, जुन्या पलंगाची सागवानी पाटी कापली, घासली, दुपारी चारला नेऊन बसवली. विनायकरावांनी रिमोट दाबला. चॅनेल बदललं. पुन्हा दाबला, पुन्हा बदललं. "न्या," ते म्हणे. राकेशनं चिठ्ठीसकट अडॅप्टर काढून घेतला.

रविवारी पंडरी बंद, पण दसऱ्याच्या गर्दीपायी अंजनाबाई बसली होती. राकेशची दोन ते दहाची पाळी. साडेबाराले तो कीबोर्ड, डबा अन् एक लहान स्पीकर घेऊन जिन्याखाली पोचला. बाईनं वर पाहिलं नाही. निळ्या साडीचा फॉल अर्धा झाला होता, मशीन चालूच.

"डीजेवाल्याले सांगितलं का?"

"नाई."

त्यानं शेजारच्या कुलूपबंद दुकानाच्या पायरीवर सगळं मांडलं. अडॅप्टर हातात घेतला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मग लावला. फ्लॉपी टाकली ती जुनीच, चौदावाली. पायलची कॉपी खिशातच राहिली.

ढोलकी वाजली, पत्र्याच्या डब्यावर चमचा मारल्यावानी. बासरी आली, तिले सर्दी झाली होती. मशीन घरघर करत होती, रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. अन् मग शहनाई ओरडली. धारदार, बेशरम, गळ्यात दोरी अडकलेल्या बकरीची. जिन्यावरचं कबूतर उडालं. एक, दोन, तीन, चार.

पाचव्यावर बाईनं उचललं.

मान वर केली नाही, पाय मशीनीवरून काढला नाही. आवाज आधीपेक्षा जाड झाला होता अन् वरच्या सुराले ती पोचली नाही, खालूनच गेली. पण जागा हलली नाही. दुसऱ्या कडव्याले बकरी पुन्हा ओरडली, बाई पुन्हा तिथंच. तिसऱ्याले फॉल संपला, बाईनं दातानं दोरा तोडला, अन् दोरा तोंडात असतानाही बरोबर पाचव्यावर आली.

गाणं संपलं. बाईनं साडीची घडी घातली.

"वयानं मेला म्हणत होता ना बे तू?"

"मी जाळला, मावशी. फिल्टरच्या अडॅप्टरनं."

"मले माहीत होतं. तुह्या पोट्टीनं जयंतीच्या आधीच सांगितलं." तिनं दुसरी साडी ओढली, लाल. "अध्यक्षाले सांग, पंधरा मिनिटांत तीन गाणे होतात. चौथं मागतलं त पाहू. अन् तो डबा घरी नको ठेवू. माह्या इथं ठेव. माह्या घरी फिल्टर नाई."

राकेशनं पायरीवरूनच अध्यक्षाले फोन लावला अन् नाव पक्कं केलं. डबा बाईच्या मशीनीखाली, फॉलच्या गठ्ठ्यात ठेवला, अडॅप्टर दोऱ्यानं त्यालेच बांधला. दोनले दहा कमी असताना तो कारखान्याच्या गेटवर होता. चार नंबरची क्रेन सकाळपासून अर्ध्यात अडकली होती अन् फोरमन वाट पाहत होता. राकेश शिडीनं वर चढला, पॅनेल उघडलं, मीटर लावला. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"काय झालं?" खालून फोरमन म्हणे. "मीटर ख़राब है क्या?"

"नाई," राकेश म्हणे, अन् तिसऱ्यांदा वाचून मग तारेले हात लावला.