उताराला गाडी बंद करायची नाय

आमची सून दर्शना मोटारसायकल चालवते. स्कुटी नव्हे हो, गिअरची मोटारसायकल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कोणी ‘अगो बाय!’ करून माझं बोलणं तोडायला नको.

गाडी आणली माझ्या लेकाने, विनोदने. तो मुंबईला लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. गाडी मात्र गावाला, गणपती-शिमग्याला मिरवायला. आमच्या रावजी गावकराने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, विनोदने नवी गाडी आणलीय, तिला राखून घे!” सगळ्यांनी “होय म्हाराजा!” केलं. चार दिवस गाडीवरून उंडारून साहेब मुंबईला गेले आणि गाडी पडवीत चादरीखाली राहिली. कोंबड्या बसायच्या तिच्यावर.

मग दर्शनाला लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. कंपनीची बस खाली अलोऱ्याला यायची आणि आमची वाडी वर डोंगरात. सकाळच्याला ना एसटी, ना रिक्षा. पहिल्याच आठवड्यात दोनदा बस चुकली. सुपरवायझर म्हणाला, आणखी एकदा चुकली तर घरीच बसा. त्या संध्याकाळी तिने चादर ओढून काढली.

शिकली कशी म्हणता? पडून! क्लच असा झटकन सोडला की गाडी तुळशीवर जाता जाता राहिली. एकदा साइड स्टँड न उचलताच निघाली नि पहिल्याच वळणावर आडवी. एकदा चिरेखाणीजवळच्या लाल खडीवर नुसता पुढचा ब्रेक दाबला. गाडी एकीकडे, ही एकीकडे. गुडघा फुटलेला. मी हळद लावत होते आणि तोंडही चालवत होते, “अगो मेले, हाडं मोडून घेशील!”

ती म्हणते, “आई, आज कळलं. खडीवर पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाय.”

रडणं नाय, कण्हणं नाय. आता अशा बाईला काय बोलणार, कपाळ!

आमच्याकडच्या बाप्यांना एक खोड आहे. उतार लागला की गिअर काढायचा नि चावी बंद. गाडी आपसूक खाली घरंगळते, पेट्रोल वाचतं म्हणे. विनोदने फोनवरून बायकोला हेच ब्रह्मज्ञान दिलं. तिनेही एकदा केलं तसं. गाडी जी सुटली! ब्रेक तापून जळका वास सुटला तरी आवरेना. शेवटी तिने ती गवतात घुसवली. दुसऱ्या दिवसापासून ही उताराला इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं. वाडीतले हसायचे, “काय गो वयनी, पेट्रोल फुकट मिळतं काय?”

“हाडं कुठे फुकट मिळतात?” ती म्हणायची आणि पुढे जायची. त्यानंतर तिची बस कधी चुकली नाय.

पण गवतातली बातमी मुंबईला पोचलीच. विनोदचा फोन आला, “शिमग्याला येतो नि गाडी टेम्पोत घालून घेऊन जातो. तुला काय झालं तर?” काळजीच होती त्याला, नाय कशाला म्हणू? पण गाडी गेली की नोकरी गेली, एवढं कळू नये? दर्शना त्या रात्री जेवली नाय. मला असा संताप आला की मीही दोन दिवस त्याचा फोन घेतला नाय.

शिमग्याला आला. संध्याकाळी पालखी घरी यायची होती, म्हणून दोघं नारळ आणायला अलोऱ्याला निघाली. तो पुढे, ही मागे. मी अंगण सारवायला घेतलं.

परत आली तेव्हा हँडल दर्शनाच्या हातात आणि माझा लेक मागे, मांडीवर नारळांची पिशवी धरून.

“काय रे, गाडी दमली का तू?” मी विचारलं.

तांब्याभर पाणी प्यायला, मग बोलला. उताराला सवयीने चावी बंद केली. दोघांचं वजन, गाडीने वेग धरला आणि वळणावर म्हशी आडव्या. ब्रेक धरेना. मागून ही ओरडली, “गिअर टाका! क्लच सोडा!” त्याने सोडला. गाडीने हिसका खाल्ला नि म्हशीच्या शेपटीपाशी येऊन थांबली.

“आई, ही मागे नसती तर...” मी त्या वेळी टोमणा मारला नाय, त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी पालखी अंगणात आली. रावजीने गाडीपुढे नारळ ठेवला, हात जोडले. “बा देवा म्हाराजा, विनोदची गाडी...”

“रावजीकाका,” विनोद मधेच म्हणाला, “दर्शनाची म्हणा.”

रावजीने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, दर्शनाची ही गाडी, तिचा हात आणि तिची नोकरी राखून घे!”

“होय म्हाराजा!” मी इतक्या जोराने म्हटलं की ढोलवाले वळून बघायला लागले.