कापून टाकलेला ‘हं’

चौदा ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी दुकानातले ड्रॉवर रिकामे करायचे, हे माझं दर वर्षीचं काम. जुने अडॅप्टर, तुटक्या पट्ट्या, गंजलेले स्क्रू, कोणी न्यायलाच न आलेले पेडल — सगळं फरशीवर ओतायचं, कामाचं ठेवायचं, बाकी भंगारात. तासाभराचं काम. यंदा ते अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्या ड्रॉवरच्या तळाशी एक निळा पेन ड्राइव्ह सापडला. सापडला म्हणणंही खोटंच — तो तिथे आहे हे मला सहा वर्षं माहीत होतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मन मोकळं करत बसायची मला सवय नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

जळगावात माझं कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नातल्या बॅन्जो पार्ट्या, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं — सगळ्यांचे कीबोर्ड माझ्याकडे येतात. सोल्डरिंग मी स्वतः करते. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, “ताई, मिस्तरी कुठे गेला?” मी म्हणायचे, “जेवायला गेला नाही, समोरच बसलाय. बोला.” आता कोणी विचारत नाही.

दुकानाच्या भिंतीवर मी एक ओळ रंगवून घेतली आहे : ‘आधी बॅकअप, मग स्क्रू.’ कारण साधं आहे. लग्नात वाजवणारा माणूस कंपनीनं दिलेले आवाज वाजवत नाही. तो वर्षानुवर्षं स्वतःचे आवाज जमवतो, घासूनपुसून मशीनच्या मेमरीत ठेवतो. आम्ही त्याला टोन म्हणतो. ज्याचा टोन चांगला, त्याच्या पार्टीला लग्नाची सुपारी. बोर्डाला हात लावताना मेमरी उडू शकते, म्हणून आधी ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुरुस्ती झाली की परत भरायची. पेन ड्राइव्हवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं आणि काम झालं की त्याच्यासमोर तो पुसायचा. हा माझा नियम. लोकांचा माझ्यावर जो विश्वास आहे, तो या नियमामुळे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी दुसराही एक धंदा करते. हल्ली गाणी कॉम्प्युटरवर बनतात. अहिराणी गाणी करणारे, डीजेवाले, सगळे सॉफ्टवेअरवर काम करतात, आणि त्यांना त्यात जोडायला तयार आवाजांचे पॅक लागतात. डफ, संबळ, घुंगरू, टाळ्या. मी ते रेकॉर्ड करते, नीट कापते, सुरात बसवते, इंटरनेटवर विकते; कोणाला हवे तर कीबोर्डवरही चढवून देते. पहिले दोन पॅक बरे होते. बरे — म्हणजे कोणी नावं ठेवली नाहीत. त्यात सनई नव्हती. कंपनीची सनई सगळ्यांकडे असते, आणि ती ऐकली की लग्नापेक्षा रेल्वे स्टेशनवरची घोषणा आठवते.

मला एक सनई हवी होती. बस, एवढंच.

आता भिकनभाऊंबद्दल सांगते. धुळ्याच्या अलीकडे हायवेवर फागणे आहे, तिथले. बॅन्जो पार्टीत कीबोर्ड वाजवतात. त्यांचे वडील, आबा, लग्नात सनई वाजवायचे. आबा थकले तेव्हा भिकनभाऊंनी त्यांना घरात बसवून एक-एक सूर वेगळा वाजवून घेतला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केला. एक सूर संपला की आबा ‘हं’ म्हणायचे — म्हणजे झालं, पुढचा घे. धुळ्यातल्या एका माणसाकडून भिकनभाऊंनी ते सगळे सूर कीबोर्डवर चढवून घेतले. ‘हं’ सगळीकडून कापला, एका पट्टीवर मात्र राहिला. वरचा पंचम दाबून धरला की सूर विरता विरता आत एक म्हातारा माणूस ‘हं’ म्हणतो. लग्नात लोक मुद्दाम फर्माइश करायचे — भाऊ, आबाले बोलाव. भिकनभाऊ तो पंचम दाबायचे. आबा नंतर वारले. सूर राहिले.

ते वारले त्याच वर्षी भिकनभाऊंचा कीबोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला आला.

मी नियमाप्रमाणे बॅकअप घेतला. बोर्ड बदलला. दोन दिवसांचं काम होतं, झालं. मग मेमरी परत भरण्याआधी हेडफोन लावला — का लावला? तपासायला, असं मी स्वतःला सांगितलं. तपासायला चार पट्ट्या पुरतात. मी दोन तास ऐकत बसले. अशी सनई मी आयुष्यात कुठल्या मशीनमधून ऐकलेली नव्हती. किंचित बेसूर, किंचित घोगरी, पण जिवंत. आणि ती माझ्या हातात होती, नाव लिहिलेल्या निळ्या पेन ड्राइव्हवर.

विचारता आलं असतं की नाही? आलं असतं. भिकनभाऊ कदाचित हो म्हणाले असते. नाही म्हणण्याची शक्यता जास्त होती, म्हणून विचारलं नाही. मी मनात हिशोब मांडला — नुसती कॉपी केली आणि त्यांची मेमरी परत भरली, तर पॅक बाजारात आल्यावर ते स्वतःचा कीबोर्ड शेजारी ठेवून वाजवून दाखवतील. चार लोक ऐकतील. मग माझं काय?

म्हणून मी मेमरी परत भरलीच नाही. न्यायला आले तेव्हा सांगितलं, “भाऊ, मशीन चालूच होत नव्हती. बॅकअप घेताच आला नाही. सगळं उडालं.”

भिंतीवरची ती ओळ माझ्या मागेच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “बाकी बठ्ठं जाऊ दे, ताई. आबानी सनई तरी ऱ्हायनी का?”

मी मान हलवली. नाही.

मूळ रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये होतं, तो कधीच बंद पडून गेला होता. धुळ्याचा माणूस दुकान बंद करून सुरतेला निघून गेला होता. हे मला माहीत होतं, त्यांनीच सांगितलं होतं. भिकनभाऊ भांडले नाहीत. माझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर भांडले असते. पण ताई म्हणते म्हणजे खरंच.

वाटलं असेल ना, की इथेच संपलं? मलाही वाटलं होतं, यापेक्षा वाईट काही करावं लागणार नाही.

सात महिन्यांनी माझा ‘खान्देश लगन’ पॅक आला. त्यात सनई होती. ‘हं’ मी कापला होता — फार सफाईनं, कान लावूनही कळणार नाही असा. पॅक चालला. शिरपूर, चोपडा, पार सुरतेपर्यंत. आणि पहिल्याच हंगामात भिकनभाऊ माझ्याकडे आले आणि तो पॅक विकत घेऊन गेले. माझ्याकडून. हो. मी तो त्यांच्या कीबोर्डवर चढवून दिला. त्यांनी दुकानात उभ्याउभ्या वाजवला, वरचा पंचम दाबून धरला आणि थांबले. बोट बराच वेळ काढलं नाही.

“आबानी सनईसारखीच शे ना, ताई?” ते म्हणाले. “फक्त त्यासना ‘हं’ नही.”

मी म्हटलं, “सनया सारख्याच असतात, भाऊ.”

त्यांना शंका आली होती का? मला आजही माहीत नाही. असेल तर त्यांनी ती स्वतःच्या कानावर घेतली, माझ्यावर नाही.

मग ती दुपार. लग्नसराईच्या तोंडावर दुकानात पाच-सहा वाजवणारे जमले होते. भिकनभाऊही होते. पारोळ्याचा एक जण, तोंडाचा फटकळ, त्यांना म्हणाला, “काय भाऊ, तू बी ताईनाच पॅक लिधा का? इतला वरीस म्हने, मना बापनी सनई, मना बापनी सनई! आते बठ्ठासकडे तुना बाप शे!”

सगळे हसले. भिकनभाऊ म्हणाले, “मनी येगळी व्हती. ती उडनी.” तसे ते आणखी हसले. कारण ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही एकच होत्या. मग त्या पारोळेकरानं मला विचारलं, “ताई, तूच सांग. हाऊ पहिलेपासून बजारना टोन वाजाडे आनि आबानं नाव सांगे, बराबर का नही?”

सगळे माझ्याकडे बघत होते. भिकनभाऊही. माझ्या हातात सोल्डरिंगची गरम बंदूक होती, मी ती स्टँडवर ठेवली. एक वाक्य बोलायचं होतं. एकच.

मी म्हणाले, “आवाज तर सारखाच आहे.”

खोटं नव्हतं ना? शब्द खरा होता. पण त्या शब्दानं भिकनभाऊ त्या खोलीत लबाड ठरले, बापाच्या नावावर बाजारातला माल खपवणारे ठरले. त्यानंतर ‘आबाले बोलाव’ अशी फर्माइश त्यांना कोणी केली नाही. त्यांनीही आबांचं नाव घेणं सोडलं. मी हे होताना पाहिलं, पाच वर्षं, आणि त्यांच्या कीबोर्डच्या पट्ट्या बदलत राहिले. ते दर वर्षी माझ्याकडेच येत होते.

तर चौदा तारखेला तो पेन ड्राइव्ह हातात होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं : ‘भिकनभाऊ, फागणे’. पुसला का नव्हता, असं विचाराल. मला माहीत नाही. नियमानं पुसायचा तर गिऱ्हाइकासमोर पुसायला हवा होता. कदाचित तेवढंच. मी तो भंगाराच्या ढिगात टाकला. खरंच टाकला. आणि फोन वाजला.

भिकनभाऊच होते. “ताई, पोरनं लगन ठरनं! तुळशीना लगननंतर. दुकान बंद करीसन येजो, कारण सांगू नको. नवरदेव मांडवमा येवाना टाइमले मी सोता वाजाडसू. तुना पॅकनी सनई लावसू. आबानी नही ते नही, आबासारखी ते शे!”

मुलीचं लग्न ठरल्याबद्दल मी अभिनंदन केलं. तारीख लिहून घेतली. फोन ठेवला. मग ढिगातून पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला. सगळे सूर होते. वरचा पंचम वाजवून बघितला.

हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ‘खान्देश लगन’ पॅक विक्रीतून काढला आणि धुळ्याची बस धरली. फागण्याला उतरले तेव्हा नऊ वाजायचे होते. भिकनभाऊंच्या ओट्यावर साड्या अंथरून पापड वाळत घातलेले, आत त्यांची आई लाटत बसलेली — लाटण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. भिकनभाऊ म्हणाले, “अरे ताई! लगनले अजून येळ शे, आतेच उनी?” आणि खुर्ची पुसायला लागले.

मी बसले नाही. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. बॅकअप घेतला होता. मुद्दाम परत भरला नाही. पॅकमधली सनई आबांची आहे, ‘हं’ मी कापला. त्या दुपारी मला माहीत होतं. पाच-सहा वाक्यं झाली असतील. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सांगायला खूप वेळ लागेल.

त्यांनी पेन ड्राइव्हवरचं नाव वाचलं. कीबोर्ड ओट्यावर आणला, लावला, मेमरी भरली. हे करताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग वरचा पंचम दाबून धरला. सूर विरला आणि आबा ‘हं’ म्हणाले.

आतलं लाटणं थांबलं.

ते परत सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. झालं नाही. भिकनभाऊंनी पट्टीवरून बोट उचललं आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुनी बस निंघी जाई, ताई.”

मी निघाले. फाट्यावर उभी राहून आमच्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज लिहिला. ‘खान्देश लगन पॅकमधली सनई फागण्याच्या भिकनभाऊंच्या आबांची आहे. भिकनभाऊ खरं सांगत होते. मी ती त्यांच्या मशीनमधून चोरली आणि मेमरी उडाली असं खोटं सांगितलं.’ आणखी एक ओळ लिहिली होती, माझ्या बाजूची. ती पुसली. खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं आणि पाठवलं.