मालिशवाली म्हणू नका

वारंगा फाट्यावर माझं पिको-फॉलचं दुकान हाय. भिंतीला भिंत लागून प्रियंकाचा दवाखाना. मी दवाखानाच म्हणते. लोक म्हणतात मालिशचं दुकान, अन् ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पोरगी हट्टा गावच्या शेतकऱ्याची. बारावीनंतर साडेचार वर्षं घासून फिजिओथेरपीची डिग्री घेतली. हाडं कोणती, शिरा कोणत्या, मेंदूचा हुकूम हातापर्यंत कसा पोचतो, मढी फाडून शिकली ती. अन् आमचे लोक येऊन विचारतात, तेल तुझं का आमचं आणायचं?

टीव्हीवर क्रिकेट चालू असताना एखादा खेळाडू पाय धरून खाली बसला की ब्याग घेऊन पळत जाणारा माणूस दिसतो ना, तो ह्याच शिक्षणाचा. त्याला पाहून आमचे गडी माना डोलावतात. प्रियंकासंगं शिकलेली एकजण पुण्यात खेळाडूंना सांभाळते, एक परदेशात गेली, एक कॉलेजात शिकवते, एक चालायला उशीर झालेल्या लेकरांकडं बघते. ही आधी नांदेडला एका दवाखान्यात होती. तिथले मोठे डॉक्टर हिच्यासमोरच पेशंटला म्हणायचे, "जा, त्या पोरीकडून शेक घेऊन या." वैतागून निघून आली. मला म्हणाली, "मावशी, ट्रकवाल्यांच्या कंबरा अन् कापूस वेचणाऱ्या बायांच्या माना तर इथं हायेत, मग मी तिकडं काहून बसू?" तिचा बाप त्यावरून कितीतरी दिवस तिच्याशी बोलला न्हाई.

आता माझ्या भावाचं सांगते. दगडोबा त्याचं नाव, आखाडा बाळापूरजवळ वस्तीवर राहतो. गेल्या साली त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला अन् घरी पाठवताना सांगितलं, आता व्यायाम करून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर हाय. म्हणून मी प्रियंकाला घेऊन गेले. दादाला एकच पाहिजे होतं, आपल्या पायावर उभं राहायचं. बोलता येत नव्हतं, तर डाव्या हातानं उजव्या मांडीवर थापट्या मारून दाखवायचा.

पण त्या घरात सेवा चालू होती ना. माझा भाचा भागवत, म्हणजे दादाचा लेक, बापाला दोन्ही हातांवर उचलून न्हाणीत न्यायचा अन् उचलूनच बाजेवर ठेवायचा. सून घास भरवायची. आमच्याकडं कोणी आजारी पडलं की बिस्किटाचा पुडा घेऊन अख्खं गाव भेटायला येतं. त्या लोकांसमोर भागवत बापाला उचलायचा, अन् लोक म्हणायचे, असा लेक मिळायला नशीब लागतं. त्याची छाती फुगायची. बापाचा पाय वाळून चालला, ते कोणालाच दिसत नव्हतं.

प्रियंकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "भागवतभाऊ, उचलणं बंद करा. भरवणंही बंद. घास त्यांना उजव्या हातानं उचलू द्या, सांडला तर सांडू द्या. काम दिलं तरच हात पुन्हा शिकेल." मग तिनं दादाला बाजेच्या काठावर बसवलं अन् उभं केलं. घाम फुटला त्याला, डोळ्यांतून पाणी आलं, पण थरथरत का होईना, उभा राहिला. भेटायला आलेल्या बाया चुकचुकायला लागल्या. एकजण म्हणाली, "म्हाताऱ्याला काहून रडवून राहिली व्हो ही?"

झालं. भागवतची इज्जत गेली. "माझ्या घरात माझा बाप लटपटत्या हातानं खाणार? लोक म्हणतील, लेकाला बाप जड झाला." पोरीला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं अन् कुठूनसा एक मालिशवाला आणला. त्यानं तेल चोपडून दादाचा लुळा खांदा असा ओढला, की त्या दिवसापासून हाताला नुसता धक्का लागला तरी दादा ओरडायचा.

मला कळलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. तसंच उठून वस्तीवर गेले. म्हणलं, "भागवत, तुझ्या ह्या सेवेनं बाप बाजेला खिळला. माया करून मारून राहिला तू त्याला." तर मला म्हणतो, "आत्या, तू माहेरवाशीण हायस, माहेरवाशिणीसारखी राहा." मी दादाकडं वळले, येतो का माझ्या घरी म्हणून विचारलं. त्यानं डाव्या हातानं माझा पदर धरला तो सोडलाच न्हाई.

माझ्या घरी त्याला कोणी भरवलं न्हाई. वरण छातीवर सांडायचं, मी पुसायची. प्रियंका दवाखाना उघडायच्या आधी यायची. आधी खांद्याची तकलीफ कमी केली, मग उठबस, मग भिंतीला धरून, मग काठी. जीभही हळूहळू सुटत गेली. दादा चिडून काठी फेकायचा, तर ती उचलून द्यायची न्हाई. "तुमीच वाका मामा, मी कंबर धरते." शेजारपाजारचे मला म्हणायचे, बहीण हाय का वैरीण. म्हणा म्हणलं, तुमच्या बापाचं काय जातं.

गेल्या महिन्यात भागवतच्या पोरीचा, निताचा साखरपुडा झाला. मी दादाला घेऊन गेले, प्रियंकालाही ओढून नेलं. मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली. पाव्हण्यांतल्या एका बाईनं विचारलं, ही कोण? भागवत म्हणाला, "मालिशवाली हाय. आत्यानं लावली." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो पुढं झाला अन् सगळ्या सोयऱ्यांदेखत बापाला जीपमधून दोन्ही हातांवर उचललं. लोक कौतुकानं पाहायला लागले. फोटोवाला धावत आला.

"ठेव," दादा म्हणाला.

"असू द्या बाबा, खुर्चीपर्यंत नेतो ना."

"खाली ठेव." जीभ अडखळली, पण आवाज मांडवाच्या पार टोकाला गेला. "मेलो न्हाई मी अजून."

भागवतनं ठेवला. मी काठी दिली. दादा मधल्या वाटेनं निघाला, हळूहळू, पण आपल्या पायानं. भागवत आधार द्यायला गेला तर त्याचा हात झटकून टाकला. प्रियंका उजव्या अंगाला चालत होती, कुठंही हात न लावता. मध्यावर आल्यावर दादा थांबला अन् भरल्या मांडवात तिला विचारलं, "डॉक्टरीणबाई, पाय बराबर पडून राहिला का?"

"न्हाई मामा," ती म्हणाली. "टाच आधी टेकवा."

अन् माझ्या भावानं टाच आधी टेकवली.